मूर्तिजापूरचं ऐक्य

पक्ष फुटला म्हणजे नेमकं काय झालं, हे मला तेव्हा कोणी समजावून सांगितलं नाही. मी दहा-अकरा वर्षांची होते. मला कळलं ते चहावरून. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी रोज सकाळी बाबांच्या पक्षाची माणसं यायची. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असायची आणि आई स्टोव्हला पंप मारून मोठ्या पातेल्यात चौदा-पंधरा कपांचं पाणी ठेवायची. स्टोव्हचा भर्र आवाज आणि ओसरीवरचा वाद एकदमच चढायचे. एके दिवशी सहाच माणसं आली, दुसऱ्या दिवशी पाच. आईचा हात सवयीनं पातेलं भरूनच पाणी ठेवायचा, आणि उरलेला चहा मी बशीत ओतून फुरफुर करत प्यायचे. माझ्यापुरतं पक्ष फुटला ते बरंच झालं होतं.

भांडण कशाचं होतं, ते पुढे मोठेपणी समजलं आणि समजल्यावर हसूही आलं नाही. सरकार धरणं बांधतंय, शाळा काढतंय, तर त्या कामाला हात लावायचा की नाही, एवढाच प्रश्न. बाबांचा गट म्हणे, धरण लोकांचंच आहे, आपणही घमेलं उचलू. दुसरा गट म्हणे, ज्या हातानं आज घमेलं उचलाल त्याच हातानं उद्या सलाम कराल. राजापेठेतल्या लोकांनी दोन्ही गटांची बारशी करून टाकली होती. आम्ही घमेलेवाले आणि ते नाहीवाले. कोणताही ठराव आला की ते आधी 'नाही' म्हणत आणि मग वाचून पाहत, असं बाबा म्हणायचे. नाहीवाले बाबांबद्दल काय म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही. माझे वडील होते ते.

नाहीवाल्यांचा पुढारी म्हणजे माझा सख्खा मामा. भाऊराव त्याचं नाव, अकोल्याचा. उंच, खांद्यात वाकलेला, आवाज मात्र असा की कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर बोलला तर आतल्या चरख्यांवरच्या बायांना ऐकू जावा. लग्न केलं नाही. मोर्णा नदीच्या काठाशी एका खोलीत राहायचा आणि खानावळीतून डबा मागवायचा. आईला आईवडील नव्हते, दुसरं भावंड नव्हतं. तिचं माहेर म्हणजे हा एवढा एक माणूस. माहेरी जाते म्हणून ती अकोल्याला जायची ते त्या खोलीवर, आणि चार दिवस त्याची भांडी घासून, गोधड्या धुऊन, वर त्याच्या शिव्या खाऊन परत यायची. परत आली की आठवडाभर खुशीत असायची.

जिनातल्या कामगारांचा संप मामानं पक्षाला न विचारता सुरू केला होता. त्यात त्याच्या डोक्याला लाठी बसली आणि तो महिनाभर तुरुंगात राहिला. सुटून आला तेव्हा शिस्तभंगाची चौकशी तयारच होती. प्रांताच्या समितीकडे कोणीतरी पत्र पाठवलं होतं. खाली सही नव्हती, नुसतं 'एक निष्ठावंत सभासद' असं होतं, आणि त्यात संपाची सगळी हकिगत तारीखवार लिहिलेली होती. त्या पत्रावरून मामाला पक्षातून काढलं. त्याच्या मागोमाग अकोल्याची अर्धी शाखा उठून गेली, मग अमरावतीतलीही माणसं गेली, आणि आमच्या घरी चहा उरू लागला.

एवढं होऊनही भाऊबीज चुकली नाही, ही या गोष्टीतली मोठी गोष्ट. मामा सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायचा आणि तिथून शटलनं यायचा. दारातूनच हाक मारायचा, "जवाईबापू, सरकार विकून राहिलं का तुमाले घमेले?" बाबा म्हणायचे, "या, या. पयले नाही म्हणा, मग बसा." आई पाट मांडून ठेवायची, रांगोळी काढायची, आणि दोघांना दटावायची की औक्षण होईपर्यंत तोंड मिटा. औक्षण झालं की पुन्हा सुरू. जेवताना बाबांचा आवाज चढायचा, मामाचा त्याहून चढायचा, मिरचीची भाजी तिखट म्हणून दोघांच्या नाकातून पाणी, आणि आई मधे बसून शांतपणे भाकरीवर लोणी घालत असायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख असायचं ते मी पुढे फारसं कुठे पाहिलं नाही.

आईच्या अक्षराबद्दल इथे सांगायला हवं. तिची शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मामानं शिकवलं. तो शाळेतून आला की घरामागच्या कडुलिंबाखाली तिला बसवायचा आणि पाटीवर गिरवून घ्यायचा. एक वेलांटी तिरकी गेली तर पाटी पुसायला लावायचा. त्यामुळे तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. बाबा गणिताचे मास्तर. सरांचं गणित बरोबर असतं पण ते सरांनाच वाचता येतं, असं त्यांची मुलंच म्हणत. म्हणून बाबांची सगळी पत्रं, पत्रकं, ठराव आई उतरवून काढायची. दुपारी धुणंभांडी आवरून ती खिडकीत बसायची, आणि बोरूची करकर ऐकत मी झोपून जायचे. ती काय लिहिते हे मी कधी विचारलं नाही. बाबांनाही ती कधी काही विचारत नसे, निदान मला तसं वाटायचं.

सहा-सात वर्षं अशी गेली. दोन्ही गट निवडणुकीत उभे राहिले आणि दोन्ही आपटले. मग शहाणपण आलं. पण खरा रेटा दिला तो तायडे गुरुजींनी. ते पातूरकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांच्यामागे पंधरावीस गावचे शेतमजूर होते आणि ते मजूर आपल्या पक्षात यावेत म्हणून दोन्ही गट त्यांच्या दारी जायचे. गुरुजींसोबत असायचा हुसेनभाई, जिनात फिटर होता, आणि त्याच्या शब्दावर अकोल्यातले विणकर चालायचे. एकदा गुरुजी आमच्या ओसरीवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमी आले की भाऊरावाच्या चुका सांगता. भाऊराव आले की तुमच्या सांगतात. आमाले दोघायच्या चुका पाठ झाल्या. आता एक वेळ अशी बैठक करा की ज्यानं त्यानं आपलीच चूक सांगावी. दुसऱ्याचं नाव घ्याचं नाई. ते जमलं त आमी सगळे येतो. नाई जमलं त तुमचे दोन तंबू तुमाले लखलाभ."

बाबा त्या अटीनं अक्षरशः मोहरून गेले. आज मला वाटतं, दुसऱ्या कुठल्याही पक्षाच्या लोकांनी ही अट हसण्यावारी नेली असती, किंवा दोन-चार गुळमुळीत चुका सांगून वेळ मारून नेली असती. आमचे लोक तसे नव्हते. त्यांना सत्याचं वेड होतं, आणि वेड म्हटल्यावर त्यात आगापिछा पाहणं आलंच नाही. त्या माणसांवर माझं प्रेम होतं. त्यांचा रागही अजून गेलेला नाही.

बैठक मूर्तिजापूरला ठरली, दोघांनाही मधलं गाव म्हणून. उन्हाळ्यात जिन बंद असतं. हुसेनभाईनं ओळखीनं एका जिनाचं आवार मिळवलं. कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचे जुने पुंजके वाऱ्यानं फिरत होते. पत्र्याच्या छपराखाली साठ-सत्तर माणसं, आणि आवाराच्या टोकाला निंबाच्या सावलीत रोडग्यांचं काम. आई, तायडे गुरुजींच्या घरच्या, हुसेनभाईची सून आणि आणखी पाच-सहा बाया गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे भाजत होत्या. एका मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. रोडगे काही कोणी आपापल्या ताटापुरते भाजत नाही. एकाच राखेतून सगळ्यांचे निघतात, म्हणून गुरुजींनी तेच सांगितलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून छपराच्या कडेला बसले होते. तिथून आई दिसायची आणि आईला सगळं ऐकू जायचं.

सुरुवात अडखळत झाली. एकानं सांगितलं, मी वर्गणीची पुस्तकं परत केली नाहीत. दुसरा म्हणाला, मी सभेत मुद्दाम दिवा विझवला होता. लोक हसले. मग हळूहळू आवाज उतरत गेले. हुसेनभाईनं उठून सांगितलं की संपानंतर आपल्याला कामावर परत घेतलं आणि सोबतच्या नऊ जणांना घेतलं नाही, तरी आपण गप्प गेलो. तो खाली बसला आणि टोपीनं तोंड पुसत राहिला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

मग बाबा उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. ते म्हणाले, "अकोल्याच्या संपानंतर प्रांताकडे निनावी पत्र गेलं. ते मी पाठवलं. त्यातली एकेक गोष्ट खरी होती. पण खाली सही करायची माझी हिंमत झाली नाही. या पक्षाची पहिली चीर मी पाडली, आणि चोरासारखी पाडली." मी मामाकडे पाहिलं. तो खाली पाहत होता, आणि मग उठला. आता काय होतं, या भीतीनं मी वही मिटली.

मामा हसत होता. त्याचा तो मोठा आवाज त्या दिवशी अगदी मऊ होता. "मले तवाच मालूम होतं, जवाईबापू," तो म्हणाला. "चौकशीत त्यायनं कागद माह्यासमोर ठेवला होता. अक्षर म्या तवाच ओळखलं. आपल्याच घरातलं होतं, म्हणून बोललो नाई. आता तुमी बोलले, गोष्ट सरली. चाला, एक होऊ."

सगळं छप्पर उठून उभं राहिलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. तायडे गुरुजी, जे कधी डोळ्यांतून पाणी काढत नसत, ते ओल्या डोळ्यांनी बाबांचा हात धरून उभे होते. मामा सात वर्षं मनात विष न ठेवता बाबांच्या घरी जेवत आला, या मोठेपणाला लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, तळवे लाल होईस्तोवर. आणि मग मला समजलं. बाबांचं अक्षर कोणालाही ओळखता आलं असतं, पण वाचता आलं नसतं. प्रांताच्या समितीनं वाचलेलं ते पत्र कोणी उतरवून काढलं होतं? मी वळून पाहिलं. आई विस्तवापाशी तशीच बसली होती. हातातला चिमटा राखेत टेकलेला होता आणि ती टाळ्या वाजवणाऱ्या माझ्याकडे पाहत होती.

नंतर पंगत बसली. आईनं सगळ्यांना वाढलं, तूप ओतलं, आग्रह केला. मामाच्या पत्रावळीपाशी आली तेव्हा भाजीचं भांडं तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू वाढ." मामानं वर पाहिलं. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं असावं, की भरसभेत बाबांचं ओझं उतरवताना त्यानं ते कोणाच्या डोक्यावर ठेवलं. त्यानं रोडगा कुस्करला आणि बराच वेळ कुस्करतच राहिला.

परतीच्या गाडीत बाबा लहान मुलासारखे हलके झाले होते. खिडकीतून वारा येत होता. ते आईला म्हणाले, "छातीवरचा धोंडा उतरला वं." आई म्हणाली, "तुमचा उतरला." बाबांना त्यातलं काही समजलं नाही. त्यांनी आपलं सत्य सांगितलं होतं, तिचं नावही घेतलं नव्हतं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम त्यांनी काटेकोर पाळला होता. आदल्या रात्री घरी एक शब्द तिला सांगावा, विचारावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. दुष्टपणानं नाही. सभेत सांगायची गोष्ट आधी घरात सांगायची असते, हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामा आला. दारातून हाक मारली नाही, चप्पल काढून सरळ आत आला. पाट मांडलेला होता. आईनं निरांजन लावलं, तबक उचललं, आणि निरांजन कलंडलं. तेल तबकात सांडलं.

मामा म्हणाला, "गोदे, मी तुह्यावर कधी रागावलो नाई वं."

आई म्हणाली, "तू रागावला असता त बरं झालं असतं, भाऊ. सात वर्सं तू माह्या हातचं खाऊन राहिला, आन् मी समजून राहिली का तुले काईच मालूम नाई. मी कशी दिसत असंन तुले?"

मामानं सांडलेलं तेल बोटानं पुसलं. एवढ्या सभा जिंकलेला माणूस, पण सांगता आलं नाही की त्याला ती आपल्या बहिणीसारखीच दिसत होती. तो जेवला, दोन घासांत आटोपलं, आणि दुपारच्याच शटलनं गेला. पुढच्या वर्षी आईनं बरं नाही म्हणून निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या वर्षी निरोप पाठवावा लागला नाही.

बाबा आणि मामा मात्र जोडीनं काम करू लागले. एकाच कचेरीत बसायचे, एकाच जीपमधून खेडी फिरायचे. तायडे गुरुजींचे मजूर आले, विणकर आले, आणि वर्षभर खरोखर असं वाटलं की वऱ्हाडात गरिबांचा एक पक्ष उभा राहतो आहे. मी तो पाहिला आहे. अकोल्यात मोर्चाचं एक टोक टिळक रोडला आणि दुसरं अजून स्टेशनाशी, असा. मग वर मुंबई-दिल्लीत काही बिनसलं आणि दीड वर्षात पक्ष पुन्हा फुटला. या वेळी मामा आणि बाबा एकाच बाजूला होते. परवा एक मुलगा आला होता, जुन्या चळवळीवर काही लिहितो म्हणाला. आजी, मूर्तिजापूरला ऐक्य झालं म्हणजे काय झालं, असं त्यानं विचारलं. मी त्याला पाणी दिलं आणि ठराव कुठे मिळतील ते सांगितलं.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी घरी आले, तेव्हा आई एकदाच बोलली. बाळाला तेल लावता लावता, माझ्याकडे न पाहता. "म्या ते पत्र डोये झाकून उतरवलं नवतं. समजून उमजून उतरवलं. त्याचं डोकं फुटलं होतं. मले वाटलं, पक्षातून काढलं त घरी बसंल. लगन करंल. दोन घास टायमावर खाईल. मले कोठी मालूम का तो घर सोडून पक्षच नवा काढंल." हे तिनं बाबांना कधी सांगितलं नव्हतं, मामाला तर नाहीच. मी म्हटलं, मी जाऊन सांगते मामाला. तिनं मान हलवली. म्हणाली, "झालं तेवढं खरं बोलणं पुरे."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आज वाटतं. मग वाटतं, मी तरी कोण मोठी लागून गेले, की माझ्या सांगण्यानं ते जुळलं असतं.

मामा गेला तो थंडीत, मी माहेरी आले होते तेव्हा. खोकला होता, ताप होता, आणि औषध घ्यायचं नाही हे तर त्याचं ठरलेलंच. दुपारच्या गाडीनं एक कार्यकर्ता निरोप घेऊन आला. बाबा आधीच अकोल्यात होते. आई आली नाही. चुलीपुढे बसून राहिली. मी हात धरला तर तिनं सोडवून घेतला. मी एकटी गेले. नदीवर हजारो माणसं होती, जिनातल्या बाया रडत होत्या, बाबांनी भाषण केलं आणि मूर्तिजापूरचा प्रसंग सांगितला. लोकांनी डोळे पुसले. नंतर मी मामाच्या खोलीवर गेले. दाराशी खानावळीचे दोन डबे होते, कालचा आणि परवाचा. उघडलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरी परतले. आई भाकरी थापत होती. तिनं माणसं किती होती विचारलं नाही, अग्नी कोणी दिला विचारलं नाही. भाकर तव्यावर टाकली आणि म्हणाली, "जेवला होता का तो?"

मी म्हटलं, हो. आदल्या दिवशी डबा संपवला होता, खानावळवाला सांगत होता.

"भाजी कायची होती?"

"आंबाडीची."

आईनं तव्यावरची भाकर उलटली. "खोकल्यात आंबाडी खाल्ली," ती म्हणाली. "आयकतच नाई कोणाचं. लहानपणापासून असाच." आणि मग तव्यावर भाकर तशीच ठेवून, पिठाचे हात तोंडाला लावून ती रडली.